चंदेरी बोल्ट

१

मे महिन्यातल्या एका रविवारी, चर्चमधली प्रार्थना आटोपून ओबरहाल्डनचे लोक उतारावरून घरी निघाले असताना, एका करड्या मोटारीचे पुढचे डावे चाक तिला सोडून गेले. मोटार रस्त्याला पोट घासत जागीच थांबली. चाक थांबले नाही. लोकांच्या मधून वाट काढत ते खाली घरंगळले, दगडी कट्ट्यावर आपटून उसळले आणि ओटिलिए क्नाप यांच्या कमरेवर आदळले. ओटिलिए बाईंनी उभा जन्म गावात टपाल वाटण्यात घालवला होता. त्या जगल्या, पण कमरेचे हाड मोडले.

मोटार एबरहार्ट त्सोलर यांची होती. निवृत्त मुख्याध्यापक, गायक मंडळाचे अध्यक्ष. ज्याच्या वहीवर त्यांची लाल शाई कधी सांडली नाही असा माणूस आमच्या गावात शोधावा लागेल. ते मोटारीतून उतरले, कोट सारखा केला, आणि जखमी बाईंकडे वळण्याआधी जमलेल्यांना म्हणाले, "ईस्टरला चाकं मोरिनाकडून बदलून घेतली होती."

खटला तेवढ्यात संपला. सुसंस्कृत समाजाचे एक वैशिष्ट्य असे की तो दगड मारत नाही. तो फक्त नाव उच्चारतो आणि बाजूला होतो.

आग्रोन मोरिना लहानपणी आईबापांबरोबर कोसोव्होहून आला, त्सोलर सरांच्याच शाळेत शिकला आणि गावाच्या खालच्या टोकाला त्याने गॅरेज काढले. शरद ऋतूत हिवाळी चाके चढवायची, ईस्टरला उन्हाळी, या आमच्या वार्षिक विधीत गावातली जवळजवळ प्रत्येक मोटार त्याच्या हाताखालून जाई. त्या रविवारनंतर एकही गेली नाही. उलट रोज सकाळी त्याच्या दारात कोणीतरी गंजका बोल्ट ठेवून जाऊ लागले. कोण ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची घाईही कोणाला नव्हती.

त्सोलर सरांनी रीतसर तक्रार केली. विमा कंपनीने तपासनीस पाठवली. गॅरेजने बोल्ट नीट आवळले नाहीत असे तिने लिहिले, तर आग्रोनचा परवाना जाणार होता आणि पाठोपाठ फौजदारी खटला उभा राहणार होता. तपासनिसाचे नाव वाल्बुर्गा रेन्टश्लर. साठीकडे झुकलेली, सडसडीत, दमलेल्या डोळ्यांची बाई. गावात खाणावळ उरलेली नसल्याने ती माझ्या वरच्या खोलीत उतरली, आणि मला सोबत घेऊन फिरली; कारण इथे कोण कोणाशी बोलत नाही हे सांगायला एक माणूस तिला हवाच होता.

आल्या संध्याकाळी तिने पोलिसांनी दिलेले मोहरबंद पाकीट माझ्या जेवणाच्या टेबलावर फोडले. रस्त्यावर सापडलेले तीन बोल्ट त्यातून घरंगळले. उरलेले दोन, चाक ज्यावर बसते त्या हबमध्येच तुटले होते. तिन्ही बोल्ट नव्या चमच्यांसारखे चंदेरी होते.

तिने भिंग लावून एकेक डोके फिरवून पाहिले.

"हे गॅरेजातून असे बाहेर पडलेले नाहीत," ती म्हणाली.

२

आग्रोन गॅरेजात एकटाच बसला होता. दोन्ही लिफ्ट रिकाम्या. आम्हाला पाहून तो उठला नाही.

"बोल्ट कसे होते तुम्ही लावलेत तेव्हा?" रेन्टश्लरबाईंनी विचारले.

"गंजलेले. मी सरांना म्हणालोही. म्हटलं, सर, दिसायला वाईट आहेत, बाकी दोष नाही. नवे टाकू का? ते म्हणाले, दोष नाही तर खर्च कशाला."

"आवळले?"

"बाई, मी चाकंच बदलतो. दुसरं करतो काय?"

"काही किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळायला बोलावता की नाही?"

"बोलावतो. निम्मं गाव येत नाही. सर येतात. ठरल्या वेळी येतात, कोटाची सगळी बटणं लावून, आणि मी आवळताना शेजारी उभे राहतात. शाळेत फळ्यापाशी उभे राहायचे ना, तसे."

तिने त्याचा पाना मागून घेतला. टोकाला बोल्टाच्या डोक्यावर बसणारी जाड पोलादी गोटी, आतून अस्तर नसलेली. बाकावर पडलेला एक रंगीत बोल्ट तिने त्या गोटीत घालून फिरवला आणि बाहेर काढला. सहाही कोपऱ्यांवरचा रंग निघून पांढरे ओरखडे उमटले होते. मग तिने पाकिटातला चंदेरी बोल्ट त्याच्यापुढे धरला. त्याच्या सहा कोपऱ्यांवर ओरखडाही नव्हता.

"तुमच्यानंतर कोणीतरी हे काढले," ती म्हणाली, "रंगवले, आणि परत लावले. लावताना रंग दुखावू नये म्हणून पाना आणि बोल्ट यांच्यामध्ये काहीतरी मऊ ठेवले."

आग्रोनने तो बोल्ट हातात घेऊन उजेडाकडे फिरवला.

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास आहे?"

"विश्वास ठेवण्याचा मला पगार मिळत नाही. मी कोपरे बघते."

"गावातल्या कोणी तेवढंही बघितलं नाही," तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता म्हणाला. पाहिले असते तर कदाचित सोपे गेले असते.

"ज्याची गोटी आतून प्लास्टिकची आहे असा पाना गावात कोणाकडे आहे?"

त्याने आपला पाना तिच्या हातून परत घेतला. 

"माझ्यावर जे चाललंय ते मी दुसऱ्यावर ढकलावं असं वाटतंय तुम्हाला?"

"मला पाना बघायचा आहे. ढकलायचं काम मी करत नाही."

"कुनो बाइश," तो शेवटी म्हणाला. "सरांचा शेजारी. आणि हो, त्या दोघांचं जमत नाही, हे तुम्हाला कोणीही सांगेल."

३

जमत नाही हा सौम्य शब्द झाला. कुनो बाइशच्या हेझलच्या झाडाची सावली त्सोलरांच्या गुलाबांवर पडत असे, आणि त्या सावलीचा वाद दोन वेळा न्यायालयात जाऊन आला होता. मोठमोठ्या राष्ट्रांनी याहून क्षुल्लक कारणांसाठी सैन्ये हलवली आहेत, हे मी वाचले आहे. पण त्यांना निदान कधीतरी लढाईचा कंटाळा येतो.

कुनो अंगणात आपली लाल मोटार पुसत होता. तो ती दर शनिवारी पुसतो. तो दिवस शनिवार नव्हता.

"या, या. तुम्हीच ना त्या विम्याच्या?" तो म्हणाला. "मी वाटच बघत होतो. म्हटलं, म्हाताऱ्याच्या गाडीचं चाक निखळलं आणि कुनोला कोणी विचारत नाही, हे काय बरोबर नाही."

"पाना दाखवता?"

त्याने पेटी उघडली. प्रत्येक हत्यार मखमलीतल्या आपापल्या खाचेत. गोटीच्या आत निळे प्लास्टिक.

"आवडला? मी हलवला असता त्याचा बोल्ट, तर बाई, चाक तिथेच अंगणात पडलं असतं. एवढं उतारापर्यंत पोचू दिलं नसतं. ओटिलिएला मी अंडी नेऊन देतो दर आठवड्याला, तिला विचारा."

"त्यांच्या बोल्टांबद्दल तुम्ही काही बोलला होता, असं ऐकलं."

"बोललो, सगळ्यांसमोर. मंडळाच्या वर्धापनदिनाला जुन्या गायनगुरूंना मिरवत न्यायचं ठरलं, सरांच्या गाडीतून. गाडी बघावी तर आरसा. आणि चाकांत ते गंजके बोल्ट. मी म्हटलं, सर, नवी कवळी बसवून किडके दात तेवढे ठेवलेत का? हसले हो लोक."

"सर हसले?"

"सर?" कुनोने फडके झटकले. "सरांनी बायकोकडे बघितलं. जणू गंज तिलाच आलाय. आणि गेर्लिंडे अशी लाल झाली, की मलाच..." तो थांबला. "विनोद होता, बाई. विनोद करायलाही बंदी आहे का आता?"

रेन्टश्लरबाईंनी चिमटा काढला. बोल्टाच्या डोक्याच्या एका कोपऱ्यात, वाळलेल्या रंगात, केसाएवढा निळा धागा रुतला होता. तिने तो ओढून तळहातावर घेतला.

"तागाचं कापड," ती म्हणाली. "प्लास्टिक धागे सोडत नाही. तुमचा पाना निर्दोष आहे, बाइश."

"आणि मी?"

"पान्याबद्दल मी खात्रीने बोलू शकते," ती म्हणाली आणि फाटकाकडे वळली.

४

त्सोलर सरांच्या घरी कॉफी तयार होती. गेर्लिंडेबाईंनी सफरचंदाचा केक कापून ठेवला, बशा नवऱ्याने नजरेने दाखवले तशा मांडल्या, आणि त्या स्वयंपाकघरात परतल्या. बाहेर दोरीवर निळ्या पट्ट्यांचे बशा पुसायचे पंचे वाळत होते. गावातल्या निम्म्या घरांत तसेच पंचे असतात, त्यामुळे मी त्यांना महत्त्व दिले नाही.

"मी आयुष्यभर मुलांना एकच शिकवलं," सर म्हणाले. "जे दिसत नाही तेही नीट करा. कपाटाचा मागचा भागसुद्धा रंगवा. मोरिना माझ्याच वर्गात होता. शिकला नाही, हे उघडच आहे."

"बोल्टांना रंग कोणी दिला असं तुम्हाला वाटतं?"

"वाटतं कशाला? त्यानेच. मला न विचारता. आणि दिला कसा? आट्यांपर्यंत चोपडला. ज्याला आट्यांवर रंग लावू नये एवढं कळत नाही, त्याच्या हाती माणसांचे जीव द्यायचे?"

रेन्टश्लरबाई केक खात होत्या. त्यांनी काटा बशीत ठेवला. मग अगदी हळू, जणू दुसरेच काही आठवले, अशा आवाजात म्हणाल्या, "सर, गाडीतला चाकाचा पाना जरा बघायला मिळेल?"

मोटार ओढून आणून मागच्या अंगणात ठेवली होती, एका बाजूला विटांवर टेकलेली. सरांनी डिकी उघडली. गालिचा उचलला, जादा चाकाखाली हात घातला, मग जॅकच्या पेटीत पाहिले. त्यांच्या मानेवर लाली चढत गेली.

"असायला हवा इथेच. मोरिनानेच कुठे..."

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"डावीकडच्या कप्प्यात, एबरहार्ट," गेर्लिंडेबाईंचा आवाज आला. "झाकण आधी दाबावं लागतं, मग ओढायचं."

सरांनी दाबले. ओढले. पाना तिथे होता.

 खिडकीतली बाई, आपण काय सांगून बसलो हे कळून, हातातली बशी पुसतच राहिली. ती केव्हाच कोरडी झाली होती.

५

"तुम्ही बसा," रेन्टश्लरबाई स्वयंपाकघरात शिरून म्हणाल्या. "मी उभी राहते."

गेर्लिंडेबाई बसल्या नाहीत. "लोक हसले," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यावर कधी कोणी हसलेलं नाही. घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, जगाचं लक्ष असतं अशा गोष्टींकडे. मला वाटलं, मला सांगतायत."

"सांगतच होते," रेन्टश्लरबाई म्हणाल्या. "मग?"

"हे तालमीला गेले की मी करायची. सगळे एकदम काढले तर चाक पडेल, तेवढं कळत होतं मला. म्हणून एका वेळी प्रत्येक चाकाचा एकच. तारेच्या ब्रशने घासायचा, रंगवायचा, शेगडीजवळ वाळवायचा, परत लावायचा. सोडवताना पाय देऊन दाबावं लागलं पान्यावर. लावताना पाय नाही दिला. रंग निघाला असता."

"आणि पान्यात पंचा घातलात."

"जुना, विरलेला होता. बरोबर बसायचा आत."

"सगळा बोल्ट का रंगवलात? दिसतं तर फक्त डोकं."

गेर्लिंडेबाईंना प्रश्नच कळला नाही. "अर्धंच कसं रंगवायचं?" त्या म्हणाल्या. "आत गंज ठेवून वरून चमकवायचं? तसलं काम मी कधी केलं नाही."

रेन्टश्लरबाईंनी गेर्लिंडेबाईंना समजावले, आणि त्या समजावण्यात मी प्रथमच तपासनीसबाईंच्या आवाजात दया ऐकली. बोल्टाच्या डोक्याखालचा गोलसर भाग चाकाच्या धातूवर थेट टेकायला हवा. मध्ये रंगाचा थर असला की तो दाबाखाली चेपत जातो, आणि चेपेल तेवढा बोल्ट ढिला होतो. आट्यांवरच्या रंगामुळे पाना जड लागतो, पंच्यामुळे आणखी जड. हाताला वाटते की घट्ट बसला, पण तो बसलेला नसतो. "उरलेल्या तीन चाकांचे बोल्ट मी काल बोटांनी फिरवून पाहिले," ती म्हणाली. "फिरले. चारांतलं एक आधी गेलं, एवढंच."

गेर्लिंडेबाई आता बसल्या.

"ओटिलिएच्या वाढदिवसाला दरवर्षी केक मी करते," त्या म्हणाल्या. 

"एकच विचारते. सरांना कधी सांगितलंत?"

उत्तर दारातून आले. त्सोलर सर तिथे उभे होते. "माझी पत्नी दमलेली आहे. ती मला काहीही बोललेली नाही. मी हे आत्ताच ऐकतो आहे."

"नाही, सर," रेन्टश्लरबाई म्हणाल्या. "बोल्ट चाकात असला की आटे दिसत नाहीत. दिसतात ते काढल्यावर. हे तीन बोल्ट पोलिसांनी रस्त्यावरून उचलले आणि मोहरबंद केले. ते पाकीट मी फोडलं. आट्यांवर रंग आहे हे पोलीस, मी आणि हे माझे यजमान, एवढ्यांनाच माहीत होतं. आणि ज्याने रंगवले त्याला. तुम्ही मघाशी, मी केक खात असताना, मला ते सांगितलंत. मोरिनाने ते केलेलं नाही हे कोपरे सांगतात. म्हणजे तुम्हाला ते कोणी सांगितलं, याचं एकच उत्तर उरतं."

सरांनी बायकोकडे पाहिले. त्या टेबलाकडे पाहत होत्या.

"चाक निखळलं त्याच दुपारी सांगितलं," गेर्लिंडेबाई म्हणाल्या. "हे म्हणाले, आपण याबद्दल बोलायचं नाही."

जे घडले होते ते आता स्पष्ट होते. एका बाईने लाजेपोटी चूक केली, आणि ती चूक तिला शिकवलेल्या साऱ्या सद्गुणांनी मिळून केली होती. तिला मी गुन्हेगार म्हणणार नाही. गुन्हा त्यानंतर झाला, त्याच दुपारी, कॉफीच्या वेळी, एका वाक्यात. आणि तो करणाऱ्याचे हात अगदी स्वच्छ होते.

"हे पहा," सर म्हणाले. आवाज अजून वर्गातलाच होता. "तो तरुण आहे. हात आहेत, कला आहे. दुसऱ्या गावात जाईल, महिन्यात बस्तान बसेल त्याचं. मला आता या वयात कुठे जायचं? मला इथेच राहायचं आहे. याच लोकांत."

"त्यालाही," रेन्टश्लरबाई म्हणाल्या.

६

अहवाल गेला, तक्रार निकालात निघाली, परवाना राहिला. शासनाच्या दृष्टीने प्रकरण संपले. गावाच्या दृष्टीने ते कधी सुरूच झाले नव्हते: "काहीतरी तांत्रिक होतं म्हणे," असे लोक म्हणू लागले, आणि गॅरेजच्या लिफ्ट रिकाम्याच राहिल्या. निर्दोष माणसाला क्षमा करणे आम्हाला फार जड जाते.

निघण्यापूर्वी रेन्टश्लरबाईंनी मला आग्रोनकडे नेले. त्सोलर सर आमच्या आधीच तिथे पोचले होते. काळा कोट. त्यांनी खेद व्यक्त केला, परिस्थितीचा उल्लेख केला, पत्नीच्या प्रकृतीचा केला, आणि मनुष्यस्वभावाविषयी काही विचार मांडले. वाक्ये निर्दोष होती. एकाही वाक्याला कर्ता नव्हता.

आग्रोन हात पुसत ऐकत राहिला.

"सर," तो शेवटी म्हणाला, "हे मला कशाला सांगताय? मला माहीतच होतं की मी आवळले होते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. शनिवारी सकाळी बेकरीत सगळे असतात."

"तू माझी परीक्षा घेतोस?"

"नाही, सर. मला इथे राहायचंय, एवढंच."

शनिवारी बेकरीतली रांग दारातून बाहेर आली होती. सर गेर्लिंडेबाईंसह रांगेत उभे राहिले. मीही होतो. कुनो बाइश होता, दोन माणसे सोडून. सर्वांत शेवटी आग्रोन येऊन उभा राहिला, आणि रांगेतले बोलणे आपोआप बारीक झाले.

सरांची पाळी आली. काउंटरमागची मुलगी म्हणाली, "काय देऊ, सर?"

ते वळले. पूर्ण वळले, वर्गाकडे वळत तसे. तोंड उघडले. मी त्यांचे ओठ पाहिले. शब्द तिथपर्यंत आला होता, याविषयी मला शंका नाही. मग ते पुन्हा काउंटरकडे वळले आणि म्हणाले, "चार ब्रेझेल. एक राईचा पाव, कापलेला."

यंत्राने पाव कापायला घेतला. त्या आवाजाच्या वर गेर्लिंडेबाईंना बोलावे लागले, आणि त्यांना मोठ्याने बोलण्याची सवय नव्हती.

"ते बोल्ट मी रंगवले होते. मोरिनाने नीट आवळले होते, मी सोडवले. त्याचा काही दोष नाही. ह्यांना त्याच दुपारपासून माहीत होतं." त्या थांबल्या. "मलाही माहीत होतं, ते काय बोलत फिरतायत ते. मी जेवण वाढत होते."

यंत्र थांबले. मुलीने पाव पिशवीत घातला, पिशवी काउंटरवर ठेवली. ती कोणी उचलेना.

मग कुनो बाइश बाजूला सरकला. त्याच्या पुढचा सरकला, त्याच्या पुढचीही, भिंतीला पाठ लावून सगळ्यांनी मध्ये वाट करून दिली, आणि आमच्यापैकी कोणीतरी, बहुधा कुनोच, आग्रोनला म्हणाले, "ये ना रे, घे तू आधी. ये पुढे."

आग्रोन जागचा हलला नाही.

"नको," तो म्हणाला. "माझी पाळी आली की घेईन."

तेव्हा रांग पुन्हा लागली. आम्ही एकेक करून काउंटरपाशी गेलो, आपापला पाव घेतला, मागे वळलो; आणि बाहेर जायचा रस्ता एकच असल्यामुळे, प्रत्येकाला त्याच्या समोरून जावे लागले.